सेफ स्टोरेज: डेटा डिलीट होतो, जागा सुटत नाही आणि 'निअरफुल'चा इशारा परत परत येतो

दोन डेटा सेंटर, दोन्हीकडे सेफचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर) स्वतंत्र क्लस्टर, म्हणजे सर्व्हरांचा संच. मुख्य झोन नवी मुंबईत, दुसरा हैदराबाद किंवा चेन्नईला, आणि ऑब्जेक्ट गेटवेचं (ग्राहकांचा डेटा घेणारा-देणारा भाग) मल्टिसाइट सिंक, म्हणजे दोन्हीकडचा डेटा सारखा ठेवणारी नक्कल, दोघांना जोडतं. जुना डेटा आपोआप जावा म्हणून बकेटांना (डेटाचे कप्पे) लाइफसायकलचे, म्हणजे ठरावीक दिवसांनी डेटा काढण्याचे, नियम लावलेले. तरी दर काही आठवड्यांनी 'निअरफुल ओएसडी' (एकेक डिस्क सांभाळणारा भाग, म्हणजे ओएसडी, भरत आला) हा इशारा येतोच. मग कुणी हाताने थोडा डेटा उडवतं, कुणी चार डिस्क वाढवतं, कुणी मर्यादा ०.८५ वरून ०.८८ करतं. इशारा जातो आणि काही दिवसांनी परत येतो.

यामागे बहुतेक वेळा एकच प्रकार असतो. डिलीटची आज्ञा सुटली की लगेच डिस्कवर जागा मोकळी झाली, असं सेफमध्ये होत नाही. मध्ये लाइफसायकलची फेरी, व्हर्जन, गार्बेज कलेक्शनची (जीसी: पुसलेला डेटा मागाहून काढणं) रांग, दुसऱ्या झोनपर्यंतचं सिंक आणि शेवटी ओएसडी एवढे टप्पे आहेत. यातला एक टप्पा रोज थोडाथोडा मागे पडत असतो. तो सापडेपर्यंत डिस्क वाढवणं म्हणजे फक्त पुढची तारीख घेणं. खाली ज्या क्रमाने तपासायचं त्याच क्रमाने लिहिलं आहे. 'अ‍ॅडमिन' म्हटलं की गेटवे सांभाळायची आज्ञा रॅडोसजीडब्ल्यू-अ‍ॅडमिन समजा.

आधीच ९५ टक्क्यांवर असाल तर

तीन मर्यादा लक्षात ठेवा. ०.८५ ला नुसता इशारा मिळतो. ०.९० ला त्या ओएसडीवर बॅकफिल (दुसरीकडून हलवलेला डेटा) घेणं थांबतं. ०.९५ ला तो ओएसडी वापरणाऱ्या पूलवरचं (पूल म्हणजे क्लस्टरमधला डेटाचा एक गट) लेखन बंद. ऑब्जेक्ट गेटवेमधून डिलीट करायलाही इंडेक्सवर (बकेटमधल्या ऑब्जेक्टांची यादी) आणि गार्बेज कलेक्शनच्या यादीत लिहावं लागतं, म्हणून ९५ ला पोचल्यावर 'आता डिलीट करून जागा करू' हा मार्गही अडतो. अशा वेळी 'सेफ ओएसडी सेट-फुल-रेशो ०.९६' देऊन तात्पुरती वाट काढा, भरलेल्या ओएसडीवरचा भार हलवा आणि त्याच दिवशी मर्यादा पुन्हा ०.९५ वर आणा. ०.९७ च्या वर जाऊ नका. ब्लूस्टोअरला (ओएसडीचा डिस्कवर लिहिणारा भाग) स्वतःच्या नोंदींसाठीही जागा लागते. ती संपली तर ओएसडी सुरूच होत नाही आणि मग दुखणं जागेचं न राहता डेटा वाचवण्याचं होतं.

डेटा पूलमधले ऑब्जेक्ट थेट 'रॅडोस आरएम'ने कधीही काढू नका. इंडेक्सला ते कळत नाही, सिंकलाही कळत नाही, आणि दोन्ही झोनमध्ये न जुळणारे आकडे वर्षानुवर्षं राहतात.

जागा खरंच संपली आहे, की एकाच डिस्कवर गर्दी झाली आहे?

निअरफुल हा इशारा एकेका ओएसडीचा असतो, क्लस्टरचा नव्हे. 'सेफ ओएसडी डीएफ ट्री' चालवा आणि वापराच्या टक्केवारीचा स्तंभ बघा. सरासरी ६८ आणि सर्वांत भरलेली डिस्क ८६ असेल, तर डिलीटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. डेटा नीट पसरलेलाच नाही. 'सेफ डीएफ'मधली 'मॅक्स अव्हेल', म्हणजे अजून लिहिता येणारी जागा, सर्वांत भरलेल्या ओएसडीवरून काढली जाते, म्हणून असमतोलामुळे सगळा पूलच भरल्यासारखा दिसतो.

बॅलन्सर (डेटा सगळ्या डिस्कांवर सारखा पसरवणारा भाग) चालू असूनही असं का होतं? बॅलन्सरचा अपमॅप मोड पीजींची (पूलमधल्या डेटाचे गठ्ठे) संख्या समान करतो, बाइट नाही, आणि मुळात प्रति ओएसडी ५ पीजींचा फरक तो चालवून घेतो. हिशोब करून बघा. १६ टीबीची डिस्क, तिच्यावर डेटा पूलच्या ३० पीजी आणि वापर ७५ टक्के, म्हणजे १२ टीबी. एक पीजी सुमारे ०.४ टीबीची झाली. पाच पीजी इकडेतिकडे म्हणजे २ टीबी, म्हणजेच डिस्कचा साडेबारा टक्के भाग. सरासरी ७५ असलेली डिस्क ८७ वर जायला एवढं पुरे. त्यामुळे मॅनेजरच्या सेटिंगमध्ये बॅलन्सरची 'अपमॅप_मॅक्स_डेव्हिएशन' १ करा. 'सेफ ओएसडी पूल ऑटोस्केल-स्टेटस' बघून मुख्य डेटा पूलला पीजी कमी पडत असतील तर त्या पूलवर 'बल्क' हा फ्लॅग लावा. हा फ्लॅग सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून आहे. तो नसेल तर ऑटोस्केलर (पीजींची संख्या ठरवणारा भाग) पूल लहान समजून सुरुवात करतो आणि गरज साधारण तिप्पट झाल्याशिवाय हलत नाही.

दोन गोष्टी बॅलन्सरला अडवतात. जुन्या काळी कुणी भरलेल्या ओएसडीवर कमी डेटा यावा म्हणून 'ओएसडी रीवेट'ने दिलेली ०.९, ०.८५ अशी मूल्यं तशीच असतील तर ती अपमॅपच्या विरुद्ध काम करतात. हळूहळू ती १ वर आणा. दुसरं, पाच टक्क्यांहून जास्त डेटा हलायचा बाकी असेल तर बॅलन्सर थांबून राहतो. रोज कुठेतरी रिकव्हरी चालूच असलेल्या क्लस्टरमध्ये त्याला कधी संधीच मिळत नाही. 'सेफ बॅलन्सर स्टेटस'मध्ये ते कारण स्पष्ट लिहिलेलं असतं.

पसरण ठीक असेल आणि सरासरीच ७५ च्या पुढे असेल, तर प्रश्न खरा आहे. आठ सर्व्हरचा क्लस्टर ७५ टक्क्यांवर असताना एक सर्व्हर गेला, तर उरलेल्या सातांवर ८५.७ टक्के होतात. म्हणजे आठ सर्व्हरची खरी कमाल मर्यादा ७४ च्या आसपास आहे, ८५ नाही. क्षमतेच्या कागदावर हाच आकडा लिहा.

लाइफसायकल: नियम आहे, पण तो करतो काय?

सर्वांत जास्त जागा इथे अडकलेली असते.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात, म्हणून लॉगच्या बकेटांवर १८० दिवसांच्या एक्स्पायरीचा नियम सर्रास दिसतो. बकेटवर व्हर्जनिंग (ऑब्जेक्टच्या जुन्या प्रती ठेवणं) चालू असेल तर या नियमाने १८० व्या दिवशी काहीही डिलीट होत नाही. ऑब्जेक्टवर फक्त डिलीट मार्कर बसतो आणि मूळ डेटा 'नॉनकरंट' होऊन जागेवरच राहतो. तो जाण्यासाठी नॉनकरंट व्हर्जनच्या एक्स्पायरीचा वेगळा नियम लागतो. बऱ्याच ठिकाणी हा दुसरा नियम असतो, पण पहिल्यावरून नक्कल केलेला, म्हणजे पुन्हा १८० दिवसांचा. नॉनकरंटचे दिवस ऑब्जेक्ट नॉनकरंट झाल्यापासून मोजले जातात, म्हणजे तो डेटा एकूण ३६० दिवस बसून राहतो आणि जागा हिशोबाच्या दुप्पट लागते. लॉगच्या बकेटला नॉनकरंटसाठी ७ दिवस पुरतात. ऑडिटवाल्यांना जास्त हवे असतील तर तेवढे द्या, पण तो निर्णय कुणीतरी जाणूनबुजून घेतलेला असू द्या. शेवटी उरलेले एकटे डिलीट मार्कर काढायचा नियमही त्याच फाइलमध्ये घाला.

अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (मोठी फाइल भागाभागाने चढवणारे) अपलोड हा दुसरा साठा. बॅकअपचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं की चढलेले भाग तसेच राहतात. साध्या यादीत ते दिसत नाहीत, जागा मात्र खातात. ७ दिवसांनी अर्धवट अपलोड रद्द करायचा नियम प्रत्येक बकेटला हवा, अपवाद नको.

हे तपासायची सोपी रीत: 'अ‍ॅडमिन बकेट स्टॅट्स'मधला 'आरजीडब्ल्यू.मेन'चा आकार आणि एस-थ्रीच्या (ग्राहक ज्या पद्धतीने गेटवेशी बोलतात ती) यादीतून येणारी चालू ऑब्जेक्टांची बेरीज शेजारी मांडा. पहिला आकडा ४० टीबी आणि दुसरा २२ टीबी आला, तर १८ टीबी जुन्या व्हर्जनमध्ये आणि अर्धवट अपलोडमध्ये आहे. बहुतेक वेळा याला दुसरा अर्थ नसतो.

नियम बरोबर असूनही फेरी पूर्ण होत नसेल तर 'अ‍ॅडमिन एलसी लिस्ट' बघा. दिवसेंदिवस 'प्रोसेसिंग' किंवा 'अनइनिशियल'वर अडकलेली बकेट दिसली की वेळेची खिडकी तपासायची. 'आरजीडब्ल्यू_लाइफसायकल_वर्क_टाइम'चं मूळ मूल्य ००:०० ते ०६:०० आहे आणि ते गेटवे ज्या घड्याळावर चालतो त्यातलं आहे. कंटेनरमधले गेटवे बहुतेकदा यूटीसीवर असतात. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाच ते साडेअकरा: निम्मं काम नेमकं कचेरीच्या गर्दीत, आणि रात्रीचे शांत तास वाया. आपल्या मध्यरात्रीपासून काम हवं असेल तर १८:३० ते २३:५९ द्या, म्हणजे भारतीय वेळेने बारा ते साडेपाच. इथे एक सापळा आहे. १८:३० ते ००:३० अशी मध्यरात्र ओलांडणारी खिडकी देऊ नका. सुरुवातीपेक्षा पुढे आणि शेवटापेक्षा मागे अशी एकाच दिवसातली तुलना केली जाते. अशा खिडकीत कोणतीही वेळ बसत नाही आणि लाइफसायकल गुपचूप बंद पडते. एररही येत नाही.

खिडकी ठीक असूनही काम उरत असेल तर कामगार वाढवा. बकेट पुष्कळ असतील तर 'आरजीडब्ल्यू_एलसी_मॅक्स_वर्कर', आणि थोड्याच बकेटांत कोट्यवधी ऑब्जेक्ट असतील तर 'आरजीडब्ल्यू_एलसी_मॅक्स_डब्ल्यूपी_वर्कर'. दोन्हींची मूळ मूल्यं ३ आहेत. एका वेळी एकच बदला आणि दोन-तीन रात्री बघा.

'आरजीडब्ल्यू_एलसी_डीबग_इंटरव्हल' या पर्यायाला चालू क्लस्टरवर हात लावू नका. त्यात दिलेले सेकंद म्हणजे एक दिवस धरला जातो. कुणी तिथे १० लिहिलं तर १८० दिवसांचा नियम अर्ध्या तासात लागू होतो, आणि सिंक ते काम इमानेइतबारे दुसऱ्या डेटा सेंटरलाही पोचवतं. मल्टिसाइट म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे फार महागात पडतं.

गार्बेज कलेक्शनची रांग

ऑब्जेक्ट डिलीट झाला की त्याचं डोकं लगेच जातं. ४ एमबीच्या पुढची शेपटी मात्र रांगेत लागते आणि किमान ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास, तिथे थांबते. कुणी तो ऑब्जेक्ट त्याच क्षणी डाउनलोड करत असेल तर ते तुटू नये म्हणून हा अवधी आहे. घाईने तो पाच मिनिटांवर आणला की मोठ्या फाइलांचे डाउनलोड मध्येच फुटल्याच्या तक्रारी सुरू होतात.

रांग किती मोठी होते याचा अंदाज नसतो. १ जीबीचा ऑब्जेक्ट म्हणजे ४ एमबीचे २५६ तुकडे. लाइफसायकलने रात्रीत ५ टीबी काढले तर १३ लाखांहून जास्त तुकडे रांगेत येतात, आणि ४+२ च्या इरेजर कोडिंगमध्ये (चार भाग डेटाचे, दोन सुरक्षेचे) प्रत्येक तुकड्यासाठी सहा ओएसडींना काम करावं लागतं. 'अ‍ॅडमिन जीसी लिस्ट' नुसतं चालवलं तर ज्यांची मुदत संपली आहे तेवढेच दिसतात; पूर्ण चित्रासाठी '--इन्क्लूड-ऑल' लावा आणि ओआयडींची (तुकड्यांच्या नावांची) संख्या मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर 'आरजीडब्ल्यू_जीसी_मॅक्स_कॉन्करंट_आयओ' १० वरून २० आणि 'आरजीडब्ल्यू_जीसी_मॅक्स_ट्रिम_चंक' १६ वरून ६४ करा. हार्ड डिस्कच्या क्लस्टरवर याच्या पुढे जाण्याआधी वाचनाचा वेग किती घसरतो ते पाहा.

रांग अजिबातच हलत नसेल तर बहुतेकदा कारण साधं निघतं. ग्राहकांच्या गेटवेवर भार नको म्हणून 'आरजीडब्ल्यू_एनेबल_जीसी_थ्रेड्स' बंद केलेलं असतं आणि हे काम दुसऱ्या कुठल्याच गेटवेकडे दिलेलं नसतं. 'आरजीडब्ल्यू_एनेबल_एलसी_थ्रेड्स'चंही तेच. दोन्ही झोनमध्ये निदान दोन गेटवेंवर हे चालू हवेत. प्रत्येक झोनची रांग वेगळी असते हे विसरलं जातं: नवी मुंबईची रांग रिकामी झाली म्हणून हैदराबादची झाली असं नाही.

सिंक आणि न संपणारे इंडेक्स लॉग

दोन्ही झोनमध्ये 'अ‍ॅडमिन सिंक स्टेटस' चालवा. डेटातल्या बदलांच्या नोंदीचे १२८ शार्ड, म्हणजे भाग, असतात. 'बिहाइंड' असलेले शार्ड दिवसातून एकदा तरी शून्यावर यायला हवेत. सगळेच मागे असतील तर लिंक अपुरी आहे. १ जीबीपीएसची लिंक पूर्ण भरून चालली तरी २४ तासांत १०.८ टीबीच जातं. रोज १२ टीबी येत असेल तर ते सिंक कधीच गाठणार नाही, कितीही सेटिंग बदला. एक-दोनच शार्ड दिवसेंदिवस मागे असतील तर 'अ‍ॅडमिन सिंक एरर लिस्ट'मध्ये बकेटचं नाव मिळतं, आणि मग 'बकेट सिंक स्टेटस'ने नेमका शार्ड. सिंकसाठी गेटवे वेगळे ठेवा आणि ग्राहकांच्या गेटवेवर 'आरजीडब्ल्यू_रन_सिंक_थ्रेड' बंद करा, म्हणजे दिवसाच्या गर्दीत सिंक दबत नाही.

सिंकशी जोडलेली आणि जास्त छळणारी भानगड म्हणजे 'लार्ज ओमॅप ऑब्जेक्ट्स'चा (एकाच ऑब्जेक्टमध्ये फार नोंदी साठल्याचा) इशारा. प्रत्येक बदलाची नोंद बकेटच्या इंडेक्स लॉगमध्ये राहते आणि सगळे झोन ती नोंद वाचून पुढे गेल्यावरच ती छाटली जाते. इथे 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षापूर्वी बंद केलेला तिसरा झोन 'अ‍ॅडमिन झोनग्रुप गेट'च्या (झोनांच्या गटाच्या) यादीत अजून असेल, तर छाटणी त्या मेलेल्या झोनच्या उत्तराची वाट बघत राहते. इंडेक्स पूल वेगवान पण लहान एसएसडींवर असतो, त्यामुळे निअरफुल आधी तिथेच येतं, आणि लोक मात्र डेटा पूलकडे बघत बसतात. उपाय क्रमानेच करा: आधी 'झोनग्रुप रिमूव्ह'ने झोन यादीतून काढा, मग 'पीरियड अपडेट --कमिट' (बदललेली रचना सगळ्या झोनना लागू करणं), आणि त्यानंतरच झोन डिलीट करा. झोन आधी डिलीट केला तर पीरियड अपडेट अडतो. छाटणी साधारण २० मिनिटांनी आपोआप फिरते. लगेच हवी असेल तर 'अ‍ॅडमिन बायलॉग ऑटोट्रिम'.

एवढं करूनही इशारा जात नाही म्हणून गोंधळ होतो. हा इशारा डीप स्क्रबच्या (डेटाच्या सखोल तपासणीच्या) वेळी मोजला जातो, एका ऑब्जेक्टमध्ये २ लाखांहून जास्त नोंदी सापडल्या तर. पुढचं डीप स्क्रब आठवडाभराने असेल तर इशाराही तोवर राहतो. क्लस्टर लॉगमध्ये त्या ऑब्जेक्टची पीजी लिहिलेली असते. तिच्यावर 'सेफ पीजी डीप-स्क्रब' चालवा. मोठी छाटणी झाल्यावर इंडेक्सच्या ओएसडींना एकेक करून 'सेफ टेल ओएसडी.क्रमांक कॉम्पॅक्ट' द्या, नाहीतर रॉक्सडीबीमधल्या (ओएसडीच्या नोंदींचा डेटाबेस) पुसलेल्या नोंदींमुळे बकेटची यादी काढणं रेंगाळतं.

लॉग छाटूनही शार्ड मोठाच असेल तर बकेटला शार्ड कमी आहेत. प्रति शार्ड १ लाख ऑब्जेक्ट हा आधार धरा. मल्टिसाइटमध्ये आपोआप रीशार्डिंग (शार्डांची संख्या बदलणं) रीफ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून चालतं. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या क्लस्टरमध्ये मात्र झोनग्रुपवर आणि झोनवर 'रीशार्डिंग' हे फीचर हाताने चालू करून पीरियड कमिट करावा लागतो. रीफच्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर नवं बकेट तयार करतानाच पुरेसे शार्ड द्या. 'रीशार्ड स्टेल-इन्स्टन्सेस'ची साफसफाई मल्टिसाइटवर वापरू नका.

लहान फाइलांनी खाल्लेली जागा

वरचं सगळं नीट असूनही 'सेफ डीएफ डिटेल'मध्ये साठवलेला डेटा आणि वापरलेली जागा यांचं गुणोत्तर जमत नसेल, तर ओएसडी केव्हा बनवले ते बघा. ४+२ मध्ये ते दीडपटीच्या जवळ हवं. पॅसिफिक आवृत्तीच्या आधी, म्हणजे साधारण २०२१ पूर्वी, हार्ड डिस्कवर बनवलेल्या ओएसडीचं सर्वांत लहान वाटप ६४ केबीचं होतं. पॅसिफिकपासून ४ केबी झालं. सॉफ्टवेअर अपग्रेड केल्याने हा आकार बदलत नाही, तो ओएसडी बनवतानाच ठरतो. ४ केबीची फाइल ४+२ मध्ये सहा ठिकाणी जाते: जुन्या ओएसडीवर ती ३८४ केबी खाते, नव्यावर २४ केबी. सेन्सरच्या नोंदी, लघुचित्रं, चलनांच्या लहान पीडीएफ असा माल असेल तर निम्मा क्लस्टर हवेने भरलेला असू शकतो. नव्या आवृत्त्यांत 'सेफ ओएसडी मेटाडेटा'मध्ये 'ब्लूस्टोअर_मिन_अलॉक_साइझ' दिसतं. ६५५३६ असेल तर ओएसडी रिकामा करून पुन्हा बनवावा लागतो, एका वेळी एका सर्व्हरचे. काम आठवडे चालतं, पण डिस्क न विकत घेता बरीच जागा मिळते.

इशारे कुठे लावायचे

८५ चा इशारा फार उशिरा येतो. प्रोमिथियसमध्ये (आकडे गोळा करून इशारे देणारं सॉफ्टवेअर) ओएसडीनिहाय वापरावर गेल्या ७ दिवसांच्या चढणीवरून 'प्रेडिक्ट_लिनिअर' हे पुढचा अंदाज काढणारं फंक्शन लावा आणि १४ दिवसांत ८५ गाठणार असेल तर तेव्हाच कळवा. डेटा पूल आणि इंडेक्स पूल यांचे इशारे वेगळे ठेवा. त्याशिवाय दोन्ही झोनमधून रोज पाच आकडे घ्या: जीसीच्या रांगेची लांबी, सिंकमध्ये मागे असलेले शार्ड, पूर्ण न झालेल्या लाइफसायकल बकेटांची संख्या, सर्वांत भरलेल्या आणि सरासरी ओएसडीमधला फरक, आणि सर्वांत मोठ्या दहा बकेटांचा दोन्हीकडचा आकार. जीसीची पूर्ण यादी काढणं जड काम आहे, दिवसातून एकदाच आणि पहाटे. आकारातला फरक सलग तीन दिवस वाढत गेला तर मागे असलेल्या झोनचं सिंक आणि जीसी त्याच दिवशी बघायला घ्या.